राक्षसांच्या सिनेमातली लव्हस्टोरी: एका व्हॅनमध्ये मावेल एवढ्या टीमने ‘मॉन्स्टर्स’ कसा बनवला?

एका बड्या बापाची मुलगी. तिचं लग्न ठरलंय, पण ती घरापासून लांब अडकली आहे. प्रवासात तिच्यासोबत आहे एक पत्रकार, ज्याला तिच्यात काडीचाही रस नाही. रस्त्यात पैसे संपतात, बेत फसतात, खटके उडतात. आणि घर जवळ यायला लागतं तसं दोघांच्याही लक्षात येतं की आता घरी जावंसंच वाटत नाहीये.

ओळखीची वाटतेय ना गोष्ट? आमिर खान आणि पूजा भट्टचा १९९१ सालचा ‘दिल है के मानता नहीं’ आठवला असेल. त्याआधी १९५६ मध्ये राज कपूर आणि नर्गिसचा ‘चोरी चोरी’ याच गोष्टीवर आला होता. दोघांचंही मूळ म्हणजे फ्रँक काप्राचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाईट’. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर जिंकणारा तो पहिला सिनेमा.

आता याच गोष्टीत एकच बदल करा. त्या दोघांच्या रस्त्यात इमारतीएवढे उंच, ऑक्टोपससारखे दिसणारे एलियन आणून ठेवा.

झाला तयार ‘मॉन्स्टर्स’.

२०१० साली आलेला हा ब्रिटिश सिनेमा ५ लाख डॉलरपेक्षाही कमी खर्चात बनला. तेव्हाच्या दराने साधारण सव्वादोन कोटी रुपये. त्याच काळात ‘क्लोव्हरफिल्ड’ आणि ‘डिस्ट्रिक्ट ९’ हे दोन गाजलेले एलियनपट आले होते. त्यांचं बजेट होतं अनुक्रमे अडीच कोटी आणि तीन कोटी डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात तेही स्वस्तच म्हणायचे.

मग ‘मॉन्स्टर्स’वाल्यांनी एवढ्या कमी पैशात हे जमवलं कसं? आणि एलियनच्या सिनेमात लव्हस्टोरी कुठून आली? सविस्तर बघूया.

गोष्ट काय आहे?

सिनेमा सुरू होण्याआधी ६ वर्षांपूर्वी ‘नासा’ला आपल्याच सूर्यमालेत जीवसृष्टी असण्याची शक्यता दिसलेली असते. तिचे नमुने आणायला एक यान पाठवलं जातं. परत येताना ते मेक्सिकोवर कोसळतं. थोड्याच दिवसांत तिथे वेगळेच जीव दिसायला लागतात. अर्ध्या मेक्सिकोला ‘बाधित क्षेत्र’ म्हणून कुंपण घातलं जातं आणि अमेरिका आपल्या सीमेवर प्रचंड भिंत बांधते.

गोष्टीचा नायक अँड्र्यू काल्डर हा फोटोजर्नलिस्ट. या सगळ्या विध्वंसाचे फोटो काढायला तो मेक्सिकोत आलेला आहे. तेवढ्यात त्याच्या मालकाचा निरोप येतो. मालकाची मुलगी समँथा तिथेच एका हॉस्पिटलमध्ये आहे, हाताला लागलंय, तिला सुखरूप घरी पोचव. काल्डरला हे काम नकोच असतं. पण मालकाला नाही म्हणणार कसं?

बेत सोपा असतो. ट्रेनने किनाऱ्यापर्यंत जायचं आणि तिला अमेरिकेच्या बोटीत बसवून द्यायचं. पण ट्रेन अर्ध्यातूनच मागे फिरते. मग मिळेल त्या गाडीने ते बंदर गाठतात. बोटीचं महागडं तिकीट काढलं जातं. त्याच रात्री काल्डर दारू पिऊन एका अनोळखी मुलीला खोलीवर आणतो. सकाळी दोघांचेही पासपोर्ट गायब.

पासपोर्ट नाही म्हणजे बोट नाही. आता एकच रस्ता उरतो, तो म्हणजे थेट बाधित क्षेत्रातून जाणारा. त्या रस्त्यावर नेणाऱ्या लोकांना द्यायला समँथाकडे एकच मौल्यवान गोष्ट असते. तिच्या साखरपुड्याची अंगठी.

ती अंगठी देऊन टाकते. या लव्हस्टोरीचा निम्मा कारभार त्या एका देवघेवीत उरकतो.

हा गॅरेथ एडवर्ड्स कोण?

सिनेमाची श्रेयनामावली बघितली की एकच नाव परत परत येतं. लेखक गॅरेथ एडवर्ड्स, दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स, कॅमेरा गॅरेथ एडवर्ड्स, व्हिज्युअल इफेक्ट्सही गॅरेथ एडवर्ड्स.

इंग्लंडमधल्या नुनीटन गावचा हा माणूस. त्याला बनायचं होतं दिग्दर्शक, पण त्याची अनेक वर्षं टीव्हीसाठी व्हिज्युअल इफेक्ट्स करण्यात गेली. २००८ मध्ये त्याने ‘बीबीसी’साठी अटिला या हूण राजावरचा एक भाग दिग्दर्शित केला आणि त्यातले जवळपास २५० इफेक्ट्स शॉट एकट्याने बनवले. त्याच वर्षी ‘साय-फाय लंडन’ महोत्सवाची ४८ तासांत शॉर्टफिल्म बनवायची स्पर्धाही त्याने ‘फॅक्टरी फार्म्ड’ या फिल्मसाठी जिंकली. लंडनच्या ‘व्हर्टिगो फिल्म्स’ने त्याच्यावर पैसे लावले ते यानंतर.

‘मॉन्स्टर्स’ची कल्पना कशी सुचली, याचा एक किस्सा एडवर्ड्सने सांगितला आहे. किनाऱ्यावर काही कोळी समुद्रातून जाळं ओढत होते. जाळं जड होतं, त्यांचा जोर लागत होता. ते बघून त्याच्या डोक्यात आलं की या जाळ्यात एखादा महाकाय राक्षस असेल तर? आणि त्याचं कोणालाच काही वाटत नसेल तर? रोजचंच काम म्हणून लोक तो ओढत असतील तर?

सगळा सिनेमा या एका विचारावर उभा आहे. राक्षसांचे बाकीचे सिनेमे लोक किंचाळत पळत सुटतात तिथे रंगतात. ‘मॉन्स्टर्स’ सुरू होतो त्यानंतर काही वर्षांनी. लोकांना सवय झालेली आहे. टीव्हीवर बातम्या चालू आहेत आणि समोर बसून लोक जेवतायत. धोक्याचे बोर्ड लागलेत आणि त्यांच्याखाली दुकानं उघडी आहेत.

कल्पना म्हणून हे भारी आहेच, पण बजेटच्या दृष्टीनेही मोठी सोय झाली. लोक पळत नाहीत म्हटल्यावर हजारोंची गर्दी लागत नाही. शहरं कोसळताना दाखवावी लागत नाहीत. कोसळलेलं दाखवलं की काम भागतं.

सात जण, एक व्हॅन

मध्य अमेरिकेतल्या शूटिंगला निघालेली टीम होती जेमतेम ७ जणांची. सगळे एका व्हॅनमध्ये बसतील एवढी. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीज, कोस्टारिका आणि अमेरिकेतलं टेक्सास असा त्यांचा प्रवास झाला. शूटिंगच्या साहित्याचा खर्च होता सुमारे १५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सात लाख रुपये. कॅमेरा होता सोनीचा ईएक्स३. सिनेमाच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या मानाने अगदीच साधा, कोणालाही विकत घेता येईल असा.

चालत्या गाडीतून शॉट घ्यायला ट्रॉली किंवा रिग नव्हतं. मग काय? कपड्यांचं गाठोडं केलं, त्यावर कॅमेरा टेकवला आणि व्हॅनच्या खिडकीतून बाहेर काढला.

मुख्य कलाकार दोनच. काल्डर झाला स्कूट मॅकनेअरी. त्याचा ‘इन सर्च ऑफ अ मिडनाईट किस’ हा २००७ सालचा कृष्णधवल सिनेमाही कमी बजेटचा आणि दोन अनोळखी माणसांच्या एका दिवसाचा होता. समँथाच्या भूमिकेसाठी एडवर्ड्सने निवडलं व्हिटनी एबलला. ती तेव्हा खऱ्या आयुष्यात स्कूटची गर्लफ्रेंड होती.

यामागे साधा विचार होता. दोन माणसांमधली ओढ पडद्यावर खोटी वाटली तर सिनेमा तिथेच संपतो. तालमी करून ती आणायला ना वेळ होता ना पैसा. म्हणून ज्यांच्यात ती आधीच आहे असं जोडपं घेतलं. गंमत म्हणजे या खऱ्या जोडप्याला पडद्यावर सुरुवातीला अनोळखी असल्याचं नाटक करायचं होतं. सिनेमा आला त्याच वर्षी, २०१० मध्ये, दोघांनी लग्न केलं. पुढे काही वर्षांनी ते वेगळे झाले.

बाकीचे कलाकार? जे तिथे भेटले ते. तिकीट काढून देणारे, गाडीत बसवून घेणारे, जेवू घालणारे असे जे लोक सिनेमात दिसतात, त्यातले बहुतेक जण अभिनेते नव्हते. टीम एखाद्या गावात पोचायची, तिथल्या लोकांना प्रसंग काय आहे ते सांगायची आणि कॅमेरा सुरू करायची. संवाद लिहिलेले नव्हते. कथेचा ढाचा आणि प्रत्येक प्रसंगात काय व्हायला हवं एवढंच ठरलेलं असायचं. अनेक ठिकाणी आधी परवानगीही घेतलेली नव्हती.

म्हणूनच या सिनेमाला प्रायोगिक म्हणतात. गोष्ट सरळ आहे, पण ती बनवण्याची पद्धत डॉक्युमेंटरीची आहे. आधी खरी जागा आणि खरी माणसं चित्रित करायची आणि मग त्यातून कल्पित जग घडवायचं.

स्क्रिप्ट नाही, मग गोष्ट आली कुठून?

उत्तर आहे एडिटिंग टेबलवरून.

टीम रात्री हॉटेलवर परतली की एडिटर कॉलिन गूडी आणि त्याचा सहाय्यक दिवसभराचं फुटेज उतरवून घ्यायचे, त्यावर काम सुरू करायचे आणि सकाळपर्यंत मेमरी कार्ड रिकामी करून परत द्यायचे. असं करत १०० तासांहून जास्त फुटेज जमलं.

हिशेब करून बघा. तयार सिनेमा आहे ९४ मिनिटांचा. म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक मिनिटामागे तासाभराहून जास्त चित्रण. संवाद लिहिलेले नसल्यामुळे एकाच प्रसंगात कलाकार दर वेळी वेगळं बोललेले. त्यातलं काय ठेवायचं, कुठलं वाक्य कशाला जोडायचं, हे सगळं नंतर ठरलं. पहिला कट ४ तासांहून मोठा झाला होता. तो दीड तासावर आणायला ८ महिने लागले.

पटकथा लिहायचे कष्ट वाचले असं वाटत असेल तर तसं झालं नाही. ते शूटिंगच्या नंतर करावे लागले.

बेडरूममध्ये बनलेले राक्षस

एडिटिंग झाल्यावर एडवर्ड्सच्या हातात ५ महिने होते आणि करायचे होते २५० इफेक्ट्स शॉट. जागा होती त्याची स्वतःची बेडरूम. सॉफ्टवेअर बाजारात मिळणारीच, अडोबी आणि थ्रीडीएस मॅक्स वगैरे.

यातले बरेचसे इफेक्ट प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाहीत. रस्त्यावरच्या साध्या बोर्डाच्या जागी ‘बाधित क्षेत्र’ असा इशारा. रिकाम्या आकाशात हेलिकॉप्टर. नदीत बुडालेलं विमान. भिंतीवर नकाशा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अमेरिकेच्या सीमेवरची ती अजस्र भिंत. खऱ्या जागेचा शॉट आधी घ्यायचा आणि मग त्यात दोन-चार गोष्टी अशा घालायच्या की बघणाऱ्याला सगळंच खरं वाटावं.

असे दिवसाला दोन शॉट व्हायचे. २५० शॉटना १२५ दिवस, म्हणजे वेळेत बसत होतं. पण राक्षसाचा पहिला शॉट आला आणि गाडं अडलं. दोन महिने गेले तरी राक्षसाचा एकही शॉट पूर्ण होईना. सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात अवघड निघाला, असं एडवर्ड्सने नंतर सांगितलं. वेळ इतका कमी होता की राक्षसांचे आवाज आधी बनवावे लागले आणि चित्रं नंतर.

म्हणूनच सिनेमात राक्षस फार थोडा वेळ दिसतात. बहुतेक वेळा ते ऐकू येतात. जंगलात लांबून हंबरल्यासारखा आवाज, पाण्याखाली काहीतरी सरकल्याची लाट, झाडांच्या खोडांवर चमकणारी अंडी. आणि राक्षस दिसत नाहीत तेव्हा कॅमेऱ्याला बघायला उरतात फक्त दोन माणसं.

लव्हस्टोरीला जागा मिळाली ती अशी.

पण लव्हस्टोरी चालते का?

चालते, कारण ती अंगठीसारख्या वस्तूंमधून आणि कॅमेऱ्यासारख्या कामांमधून पुढे जाते. मोठमोठे संवाद नाहीतच.

सुरुवातीला काल्डर फारसा बरा माणूस वाटत नाही. समँथा त्याला विचारते की लोकांवर संकट यावं आणि त्यावर आपलं पोट चालावं, हे तुला खुपत नाही का? तो तिलाच हिशेब सांगतो. राक्षसाने मारलेल्या मुलाच्या फोटोला तिच्याच वडिलांची कंपनी हजारो डॉलर मोजते, हसणाऱ्या मुलाच्या फोटोला कोणी काही देत नाही. तो चुकीचं बोलत नाहीये आणि तिच्याकडे उत्तर नाहीये.

पुढे बाधित क्षेत्रात त्यांच्यासोबतचे वाटाडे मारले जातात. दोघंच उरतात. वाटेत त्यांना एक लहान मुलगी मरून पडलेली दिसते. हा तोच फोटो आहे, ज्याच्यासाठी काल्डर मेक्सिकोत आलाय. कॅमेरा गळ्यात आहे, बघणारं कोणी नाही. तो फोटो काढत नाही. स्वतःचं जॅकेट काढून तिच्यावर पांघरतो.

त्या क्षणाला संवाद नाही. समँथा त्याच्याकडे बघते, इतकंच. पण आपल्याला कळतं की तिच्या मनात काय बदललंय.

काल्डरला एक मुलगा आहे, पण त्या मुलाला माहीत नाही की हा आपला बाप आहे. समँथाचं लग्न ठरलंय, पण होणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलताना तिचा आवाज पडतो. घरी पोचायची घाई दोघांनाही आहे आणि घरी त्यांची वाट बघत असलेलं आयुष्य दोघांनाही नकोय. माया संस्कृतीतल्या पिरॅमिडच्या माथ्यावर बसून ते लांबवर अमेरिकेची भिंत बघतात, तेव्हा इतके दिवस जिकडे पोचायचं होतं ते समोर दिसत असतं. आनंद मात्र कोणाच्याच चेहऱ्यावर नसतो.

शेवटाचा अर्थ काय?

(इथून पुढे स्पॉयलर आहेत. सिनेमा बघायचा असेल तर हा भाग सोडून द्या.)

भिंत ओलांडून दोघं टेक्सासमध्ये येतात. पण अमेरिकेतलं सीमेवरचं गाव ओस पडलेलं असतं. राक्षस भिंतीच्या अलीकडे आधीच पोचलेले असतात. एका बंद पेट्रोल पंपावरून ते सैन्याला फोन करतात. मदत येईपर्यंत समँथा होणाऱ्या नवऱ्याला फोन लावते, काल्डर मुलाला.

तेवढ्यात एक राक्षस येतो. त्याचे लांब पाय खिडकीतून आत शिरतात. त्याला टीव्हीचा उजेड खुणावत असतो. समँथा टीव्हीची वायर काढते आणि तो मागे सरकतो. बाहेर दुसरा राक्षस आलेला असतो. दोघं एकमेकांना स्पर्श करतात, त्यांच्या अंगातून प्रकाश फिरतो आणि ते शांतपणे आपापल्या वाटेने निघून जातात.

ज्यांना सगळं जग राक्षस म्हणतं, तेही एकमेकांना शोधत होते. ते बघून काल्डर आणि समँथा पहिल्यांदा एकमेकांचं चुंबन घेतात. समँथा म्हणते, मला घरी जायचं नाही. तेवढ्यात सैन्य येतं, दोघांना वेगळं करून गाड्यांमध्ये बसवतं आणि सिनेमा संपतो.

संपतो म्हणजे, तसं वाटतं.

आता सुरुवातीचा प्रसंग आठवा. रात्रीच्या कॅमेऱ्यातलं हिरवं चित्रण. सैन्याच्या गाड्या चालल्यात, एक सैनिक वॅग्नरची ‘राईड ऑफ द व्हॅल्किरीज’ ही धून गुणगुणतोय. राक्षसाचा हल्ला होतो. गोंधळात एक माणूस एका निपचित बाईला उचलून मदतीसाठी ओरडत असतो. पहिल्यांदा बघताना ही कोणीतरी अनोळखी माणसं वाटतात.

शेवटी पेट्रोल पंपावर आलेला सैनिकही तीच धून गुणगुणत असतो.

म्हणजे सिनेमाचा पहिला प्रसंग हाच गोष्टीचा खरा शेवट आहे. ती दोन माणसं काल्डर आणि समँथाच आहेत. दिग्दर्शकाने शेवट आपल्याला पहिल्या दोन मिनिटांतच दाखवलेला असतो. आपण त्या दोघांना ओळखत नव्हतो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. काल्डर ज्या फोटोंवर पोट भरायचा, त्यातल्या माणसांकडेही जग असंच बघत होतं.

भिंतीचं काय?

अमेरिका आणि मेक्सिकोच्या मधली भिंत, भिंतीपलीकडे ‘एलियन’ आणि पैसे घेऊन चोरवाटेने सीमेवर नेणारी माणसं. हे वाचून कोणालाही स्थलांतराचा वाद आठवेल. अमेरिकेच्या कायद्यात परदेशी नागरिकासाठी ‘एलियन’ हाच शब्द वापरला जातो. २००६ मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात या सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण घालायचा कायदाही झाला होता. भिंत हा निवडणुकीतला मोठा मुद्दा व्हायला तेव्हा अजून अनेक वर्षं होती.

सिनेमात भाषणबाजी नाही. फक्त इतकं दिसतं की भिंत बांधून उपयोग झाला नाही आणि जास्त नुकसान झालं ते भिंतीच्या पलीकडे राहिलेल्या माणसांचं. राक्षसांमुळे आणि त्यांच्यावर टाकलेल्या बॉम्बमुळेही.

सिनेमात कमतरता नाहीत का?

आहेत. नाव बघून राक्षसांची हाणामारी बघायला गेलेल्या प्रेक्षकांची निराशा होते. मधला भाग संथ आहे. भूगोलाची तर पार वाट लागली आहे. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेला मेक्सिको बराचसा कोरडा आणि वाळवंटी आहे, तिथे घनदाट जंगलही नाही आणि माया पिरॅमिडही नाहीत. ते आहेत पार दक्षिणेला.

स्थानिक माणसं गोष्टीत येतात ती मुख्यतः दोन अमेरिकन माणसांना मदत करायला. वाटाडे जिवानिशी जातात आणि गोष्ट पुढे निघून जाते.

एक मुद्दा याहूनही नाजूक आहे. टेक्सासमधलं उद्ध्वस्त गाव दाखवायला सेट लावलेला नव्हता. २००८ मध्ये आलेल्या ‘आईक’ चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टन भागाचं प्रचंड नुकसान केलं होतं. ती खरी पडकी घरं सिनेमात राक्षसांनी पाडलेली घरं म्हणून दिसतात. दुसऱ्याच्या संकटाचे फोटो विकणाऱ्या माणसावर सिनेमा प्रश्न उभा करतो आणि स्वतः मात्र खऱ्या लोकांच्या मोडलेल्या घरांचं नेपथ्य फुकटात वापरतो. समँथाने काल्डरला विचारलेला प्रश्न दिग्दर्शकालाही विचारता येतोच.

पुढे काय झालं?

मार्च २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ‘साऊथ बाय साऊथवेस्ट’ महोत्सवात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला. ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म अवॉर्ड्समध्ये एडवर्ड्सला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, शिवाय व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी तांत्रिक पुरस्कारही. ‘बाफ्टा’मध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं.

मग हॉलिवूडने त्याला थेट ‘गॉडझिला’ दिला. २०१४ सालच्या त्या सिनेमाचं बजेट होतं सुमारे १६ कोटी डॉलर, म्हणजे पहिल्या सिनेमाच्या ३०० पटींहून जास्त. २०१६ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘रोग वन’ आला आणि त्याने जगभरात १०० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. त्याच्या एडिटरांमध्ये कॉलिन गूडीही होता, तोच हॉटेलवर रात्री मेमरी कार्ड रिकामी करणारा.

२०२३ च्या ‘द क्रिएटर’मध्ये एडवर्ड्स परत जुन्या पद्धतीकडे वळला. छोटी टीम घेऊन खऱ्या ठिकाणी जायचं, आधी चित्रण करायचं आणि काल्पनिक जग नंतर कॉम्प्युटरवर उभं करायचं. कॅमेरा होता सोनीचा एफएक्स३, ज्याची किंमत सुमारे ४,००० डॉलर. बजेट ८ कोटी डॉलर आणि व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्करचं नामांकन.

मग स्वस्तात सिनेमा बनतो का?

‘मॉन्स्टर्स’चं उदाहरण बऱ्याचदा असं दिलं जातं की बघा, साधा कॅमेरा आणि लॅपटॉप असला की झालं. हे अर्धंच खरं आहे.

कॅमेरा स्वस्त होता. पण त्यामागे एका माणसाची इफेक्ट्स शिकण्यात गेलेली वर्षं होती. एडिटिंगचे ८ महिने आणि इफेक्ट्सचे ५ महिने धरले तर वर्षाहून जास्त काळ कॉम्प्युटरसमोर गेला. स्टुडिओने हे काम शेकडो माणसांना पगार देऊन करून घेतलं असतं. इथे ते मोजक्या माणसांनी केलं, म्हणून बजेटच्या कागदावर ते दिसत नाही. पैसे वाचले ते वेळ घालवून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पैसे नाहीत हे एडवर्ड्सने लपवलं नाही, त्याने गोष्टच तशी निवडली. राक्षस दाखवणं परवडत नव्हतं, तर राक्षसांची सवय झालेली माणसं दाखवली. गर्दी परवडत नव्हती, तर दोनच माणसं घेतली.

मुंबई-पुणे किंवा कोल्हापूर-नागपूर प्रवासात मोबाईल हातात धरून आपणही काहीतरी बनवावं असं वाटणाऱ्यांनी ‘मॉन्स्टर्स’ एकदा बघावा. बघून झाल्यावर पहिली दोन मिनिटं परत लावावीत. दीड तासापूर्वी अनोळखी वाटलेली ती दोन माणसं आता ओळखीची झालेली असतात, आणि तो हिरवा, हलणारा, धूसर शॉट या वेळी बघवत नाही.